अलीकडची धार

बेटावर दोन खोल्यांचं एक घर होतं. शिवाय नऊ शेळ्या, एक लंगडा बोकड, चौदा कोंबड्या, पाण्याची तीन पिंपं, एक होडी आणि दोन बायका. मोजणीवालीने आल्या आल्या हे सगळं टिपायला घेतलं, कारण सीमा ठरवताना बेटावर काय काय होतं ते दोन्ही देशांना कळवायचं होतं. कोंबड्यांपाशी तिची गाडी अडली. त्या एका जागी उभ्या राहीनात.

"चौदाच आहेत गं," घरातून आवाज आला. "पंधरावी काल खाल्ली."

हा आवाज थोरलीचा. नदीच्या एका काठावर इस्पितळ होतं, तिथे उपकरणं उकळून निर्जंतुक करायच्या खोलीत ती कामाला होती. रोज होडीने जायची, होडीने यायची. धाकटी तिची भावजय. धाकटी थोरलीला वन्सं म्हणायची आणि थोरली तिला वहिनी, म्हणून मोजणीवालीही मनातल्या मनात तेच म्हणू लागली.

वहिनीचं माहेर समोरच्या काठावर, म्हणजे दुसऱ्या देशात. तिचं लग्न झालं तेव्हा नदी ओलांडायला होडी पुरायची. आता परवाना लागायचा, आणि तिचा अर्ज दोनदा परत आला होता. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळलेली. वन्संचा भाऊ गेला, तरी नणंद-भावजय एकाच घरात राहिल्या. भांडायला कुणीतरी हवं, असं वन्संचं म्हणणं.

करारातलं वाक्य साधं होतं. बेटाच्या दोन बाजूंनी नदीच्या दोन धारा जातात, त्यातली जी जास्त खोल तिच्यातून सीमा. आधीची मोजणी जुनी झालेली, आणि मधल्या पुराने नदीचा तळ पार बदलून टाकलेला. खोल धार माहेराच्या बाजूला निघाली, तर बेट आहे त्याच देशात राहणार आणि वहिनीला आई दिसणार नाही. इस्पितळाच्या बाजूला निघाली, तर वहिनीला माहेर मोकळं, पण वन्संना रोजच्या कामाला जायला परवाना. हे दोघींना पाठ होतं. त्यावर दोघी अवाक्षर बोलत नव्हत्या.

मोजायच्या दिवशी धुकं असं उतरलं की होडीच्या एका टोकाला दुसरं दिसेना. नेमकं त्याच वेळी जागा दाखवणारं यंत्रही उपग्रह शोधत बसलं. पाण्याची खोली सांगणारं तेवढं चालू होतं. मोजणीवालीची ही पहिलीच नदी. पडद्यावरच्या आकड्यांमध्ये तिने असं डोकं घातलं होतं, की होडी कुठे वळली याची तिला शुद्ध नव्हती. वल्ही वहिनीच्या हातात होती.

"ही कुठली धार?" तिने विचारलं.

"अलीकडची."

तिने लिहिलं, अलीकडची. दुसऱ्या फेरीला पलीकडची. साहेबांना आकडे आजच हवे होते.

घरी येऊन तिने चहा घेतला आणि आकडे वाचून दाखवले. अलीकडची धार उथळ, पलीकडची चांगलीच खोल.

"पलीकडची!" वन्संनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे सीमा पलीकडून. बेट आपलं आपल्यालाच! वहिनी, ऐकलंस का? उद्या मी तुझ्या डोक्यावर बसून कामाला जाते की नाही बघ."

वहिनी पातेलं घासत होती. घासून झालेलंच पातेलं ती पुन्हा घासू लागली. मग तिने विचारलं, "मोजणीबाई, सकाळी आपण आधी कुठे गेलो होतो?"

"इस्पितळाच्या बाजूला. तुम्ही अलीकडची म्हणालात ना?"

"म्हणाले खरी." वहिनीने पातेलं खाली ठेवलं. "पण आपण आधी माझ्या आईच्या बाजूला गेलो होतो."

"अगं, ते पलीकडे!" वन्सं म्हणाल्या.

"तुमच्या पलीकडे, वन्सं. माझ्या तोंडात अजून माहेर तेच अलीकडे येतं."

वन्सं बघतच राहिल्या. "या घरात येऊन तुझे केस पांढरे झाले! मग मी अलीकडच्या काठावर जाऊन साबण आण म्हणायचे, तेव्हा?"

"मनात उलटं करून घ्यायचे."

"आणि मी बोकड अलीकडे बांध म्हटलं होतं, तो पलीकडच्या दरडीवरून खाली पडला, तो?"

"त्या दिवशी उलटं करायचं राहिलं."

मोजणीवालीला हसू आलं, पण लगेच जिरलं. बोट आकडे पाठवायच्या बटणावर होतं. ते तिने काढून घेतलं. इस्पितळाच्या काठावर तिचं ऑफिस, म्हणून तिचंही अलीकडे तेच, आणि सगळ्यांचं तसंच असणार असं तिने न विचारता धरून चाललं होतं.

"म्हणजे आकडे उलटे," वन्सं सावकाश म्हणाल्या. "बेट तिकडे जाणार. तुझ्या सोयीचं निघालं की गं बरोबर."

"म्हणून तर इतका वेळ पातेलं घासत होते," वहिनी म्हणाली. "गप्प राहिले तर खोटं, बोलले तर तुमच्या नोकरीवर टपलेली. काय करायचं तुम्हीच सांगा."

वन्संनी खाली ठेवलेलं पातेलं उचललं आणि स्वतः विसळायला घेतलं. ही गोष्ट त्या घरात क्वचितच घडत असावी, कारण वहिनी घाबरून त्यांच्याकडे बघू लागली.

"आठवणीवर आकडे बदलता येत नाहीत," मोजणीवाली म्हणाली. "कुणाच्याच." आणि तिने साहेबांना फोन लावला. "साहेब, आकडे आज येणार नाहीत."

"का? काय झालं?"

"नाव चुकलं."

"कुणाचं?"

"धारेचं. चूक माझी आहे."

साहेब बराच वेळ बोलले. ती "हो साहेब" म्हणत राहिली. फोन ठेवून बाहेर आली तेव्हा धुकं उठलं होतं, दोन्ही काठ लख्ख दिसत होते आणि वन्सं होडीत बसल्या होत्या, वल्ही हातात घेऊन.

"तुमची दुपारची ड्यूटी, मावशी?"

"बुडू दे. या वेळी मी नेणार. माझ्या डोळ्यांनी बघणार."

त्यांनी होडी आधी इस्पितळाच्या बाजूला घेतली. मोजणीवालीने या वेळी काठावरची खूण बघितली, जागेचं यंत्र बघितलं, मग खोली बघितली. वन्संनी मान वाकवून पडद्यात डोकावलं.

"पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजलं. वन्संनी होडी वळवून वर नेली, पुन्हा त्याच जागेवरून खाली आणली. आकडा तोच आला, सकाळच्या खोल धारेचा. वन्संनी वल्ही वर उचलून धरली. पाणी टपकत राहिलं.

"परवान्याच्या अर्जाबरोबर काय काय लागतं गं, वहिनी?"

"फोटो दोन. इस्पितळाचं पत्र." वहिनीने बोटांवर मोजलं. "मी भरून देईन. माझा दोनदा चुकलाय, कुठे चुकतं ते मला पक्कं ठाऊक आहे."

"म्हणजे तिसऱ्यांदा माझा चुकवशील."

"वन्सं, आता माझी आई..."

"हो, तुझी आई. तिला बघायला मी पण येणार. एकटीने जाऊन माझ्या चहाड्या सांगायच्या नाहीत." त्यांनी वल्ही पाण्यात घातली. "चल, दुसरी धार राहिली. ती पण नीट मोज, पोरी, उगाच कुणाला लाजू नकोस."

बेटाच्या टोकाला वळसा घालून होडी माहेराच्या बाजूला गेली. तिथेही दोनदा मोजलं. मोजणीवालीने आधीचा कागद बाजूला ठेवला आणि नव्या कागदावर लिहिलं:

इस्पितळाच्या काठाकडची धार, सर्वांत खोल जागी: चार मीटर बासष्ट सेंटिमीटर. समोरच्या काठाकडची धार, सर्वांत खोल जागी: तीन मीटर अकरा सेंटिमीटर.