वहीत खोडायचं नसतं

मी खोटं बोलले, आणि तेही रामघाटावर, गंगेसमोर बसून. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं कौतुक करायच्या फंदात कुणी पडणार नाही.

तीस वर्षं मी इथल्या विद्यापीठात जर्मन शिकवलं. निवृत्त झाले तरी कुणी जर्मन पाहुणा गल्लीत वाट चुकला, की लोक त्याला मंगलागौरीच्या देवळाजवळच्या माझ्या दारात आणून सोडतात. करोनाच्या आदल्या वर्षी हेडविगबाई अशाच आल्या. वय त्र्याऐंशी, हातात काठी, पण पाठ ताठ. त्यांना भावासाठी काहीतरी विधी करायचा होता.

भावाचं नाव एमिल. नाझींच्या राज्यात परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा होता. हा सतरा वर्षांचा पोरगा माळ्यावर लपून ऐकायचा, युद्धाच्या खऱ्या बातम्या कार्बन घालून लिहून काढायचा आणि लोकांच्या टपालपेट्यांत टाकून यायचा. प्रत्येक कागदाच्या शेवटी एकच वाक्य असायचं, हिटलर खोटं बोलतो. पकडला गेला. सरकारनं त्याची मान उडवली. हेडविग तेव्हा सहा वर्षांची होती.

खरी गोष्ट पुढेच आहे, बाई म्हणाल्या. त्यांच्या आईनं भीतीपोटी शेजाऱ्यांना सांगितलं, की पोरगा लढाईत गेला. पुढे हिटलर मेला, युद्ध संपलं, पण गावात अशा पोरांना गद्दारच म्हणत राहिले. म्हणून आईचं वाक्यही तसंच राहिलं. हेडविगनं ते शाळेत सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, स्वतःच्या मुलांनाही सांगितलं.

"आयुष्यभर मी त्याला त्याच्या मारेकऱ्यांचा शिपाई केलं," त्या म्हणाल्या. "एकदा तरी कुठेतरी खरं बोललं जायला हवं."

मी त्यांचा हात धरला आणि डोळे पुसले. माझे डोळे मेले भरून यायला नेहमी तयार असतात, त्याला काही पैसे पडत नाहीत.

रामघाटावर माझा मावसभाऊ ढुंढिराज भटजी आहे. चोख माणूस, पण शास्त्राच्या बाबतीत हट्टी, असा माझा समज. अकरा वाजता आम्ही त्याच्या चबुतऱ्यावर बसलो. मे महिना, दगड नुसते भाजत होते. गोत्र नाही तर काश्यप धरू, असं म्हणून त्यानं दर्भ काढले आणि विचारलं, भाऊ कसा गेला?

मला पुढचं सगळं झंझट दिसलं. सरकारनं मारला म्हटलं, की हा म्हणणार दुर्मरण. मग आधी नारायणबळी, मग त्याला लागणारे दिवस, मग बाईंचं उद्याचं विमान, मग मी मधल्यामध्ये दोन भाषांत डोकं फोडून घेणार. गुडघा सकाळपासून ठणकत होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"लढाईत गेला," मी म्हणाले.

ढुंढिराज खूश झाला. म्हणजे हिटलरच्या फौजेत होता तर, काय शिस्त होती त्या माणसाची, हे तर वीरमरण, असं बरंच काही बोलला. मग बाईंकडे वळून त्यानं आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "हिटलर सोल्जर. व्हेरी ब्रेव्ह."

वर्गात कुणी पोरानं हिटलरची तारीफ केली, की मी त्याची तासभर सालटी काढत असे. त्या दिवशी मी मुकाट्यानं बाईंच्या बोटात दर्भ घातला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नदीपलीकडे रामनगरच्या बाजूला पाहत राहिले.

"त्यांना खरं सांगितलंत ना?" बाईंनी विचारलं.

सगळं सांगितलं, मी म्हणाले. त्यांनी ओंजळीनं तिळाचं पाणी सोडलं.

मग ढुंढिराजनं वही काढली. आमच्याकडच्या तीर्थोपाध्यायांकडे अशा वह्या असतात. कोण आलं, कुणासाठी आलं, ते लिहायचं आणि खाली यजमानानं स्वतः सही करायची. पुढे नातू-पणतू आले, की तीच सही त्यांना दाखवतात. त्यानं लिहिलं, "जर्मनीची हेडविग. भाऊ एमिल, हिटलरच्या फौजेतला शिपाई, लढाईत कामी आला." मी ते वाचलं. बाईंनी विचारलं, काय लिहिलंय? एमिलचं नाव आणि तुमचं, मी म्हणाले. त्यांनी सही केली, पानाला ओठ लावले आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

घाट चढताना त्या खुलल्या होत्या. त्यांच्या गावची शाळा आता अशा पोरांच्या आठवणीसाठी एक भिंत उभारणार होती. या भेटीनंतर त्या एमिलचं नाव देणार होत्या आणि त्याच्या फोटोशेजारी वहीचं हे पान लावणार होत्या. शेजारी एक भारतीय मुलगी राहते, ती सगळ्यांना वाचून दाखवेल म्हणाल्या.

ती मुलगी मद्रासकडची असेल, तिला देवनागरी वाचताच येत नसेल, अशी मी रात्री मनाची समजूत घालत बसले. चोराच्या मनात चांदणं! सकाळी उठले आणि बाईंच्या गेस्ट हाउसवर गेले. त्या बॅग भरत होत्या. मी सगळं सांगितलं. शास्त्राचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, गुडघ्याचंही सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं.

त्या पलंगावर बसल्या.

"सोल्जर मला कळतं. हिटलरही कळतं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला विचारलं आणि तुमच्या उत्तरावर भागवलं. मला तेच बरं वाटलं."

मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि जसं लिहिलंय तसं वाचायला लावलं. मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. इतकं अचूक मी जन्मात केलं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

विमान दुपारचं होतं. आम्ही पुन्हा घाटावर गेलो. ढुंढिराजनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी बाईंना हात जोडले. काल आपण काय बोललो, ते आठवून त्याचा चेहरा उतरला होता. मग माझ्यावर उखडला.

"ताई, मला विचारायचं तरी होतंस. खरं बोलला म्हणून ज्याला राजानं मारलं, त्याला मी दारातून परत पाठवला असता का?"

म्हणजे अडचण शास्त्राची नव्हतीच. अडचण मीच होते. ती ओळ खोडून टाक, नाहीतर पानच फाड, असं मी त्याला विनवलं. तो म्हणाला, वहीत खोडायचं नसतं. खाली लिही, आणि खोटं कुणी लिहवलं तेही लिही.

मी लिहिलं. "वरची ओळ खोटी आहे. एमिल शिपाई नव्हता. हिटलर खोटं बोलतो, असं त्यानं सतराव्या वर्षी लिहून वाटलं, म्हणून सरकारनं त्याला मारलं. खोटं मी सांगितलं. शरदिनी, मंगलागौरी." ढुंढिराजनं पुन्हा तीळ दिले. या वेळी बाई पाण्यात उभ्या राहून आपल्या भाषेत मोठ्यानं बोलल्या. ढुंढिराजनं विचारलं आणि मी प्रत्येक वाक्य त्याला मराठीत सांगितलं, एकही न गाळता.

बाई फोटो काढायला लागल्या, तेव्हा मी हळूच म्हणाले, वरची ओळ कापून टाका, शाळेत खालचीच लावा.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दोन्ही लावणार. आमच्या गावातली माणसंही वाईट नव्हती, शरदिनी. त्यांचेही गुडघे दुखत होते."

फोटो नीट आलाय का, म्हणून त्यांनी मलाच दाखवला. माझं नाव स्पष्ट वाचता येत होतं.