चाळीस हजार खुर्च्यांपुढे बोरूचं मूळ

कुशलचा आवाज गणपतीत गेला. कोरोनामुळे दोह्यातल्या अल हिलाल भागातल्या व्हिलात आरतीला आठच माणसं बोलवायची, असं मंडळाने ठरवलं होतं. एरवी तिथे पन्नास असतात. तेव्हा उरलेल्या बेचाळीस जणांचा आवाज कुशलने एकट्याने काढला. दोन आरत्या तो टिकला. तिसरीला त्याच्या घशातून जे काही बाहेर पडलं ते ऐकून यजमानीणबाई कुकर बघायला उठल्या.

कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह आली. आवाज मात्र आला नाही.

एरवी याची कुणी दखलही घेतली नसती. पण कुशल अल थुमामाच्या नव्या स्टेडियममध्ये साउंड इंजिनिअर होता आणि गुरुवारी तिथले सगळे स्पीकर पहिल्यांदाच एकदम सुरू व्हायचे होते. चाळीस हजार रिकाम्या खुर्च्या, आणि त्यांच्या कानावर पडणारा पहिला माणसाचा आवाज कुशलचा. पुढच्या वर्षी वर्ल्ड कपला जगभरातले लोक येऊन ओरडतील, खुशाल ओरडोत, पहिला तो. ही बातमी त्याने आईला, नाशिकच्या दोन्ही मामांना, दहावीच्या ग्रुपला आणि ज्या मुलीने त्याला नकार दिला होता तिच्या भावाला आधीच कळवून टाकली होती.

"जुमेरात तक आवाज आयी तो आयी, मियाँ," त्याचे हैदराबादी सुपरवायझर नसरुद्दीनभाई म्हणाले. "नहीं तो अरुणकुमार बोलेगा."

अरुणकुमार शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याचा आवाज लिफ्टमधल्या बाईसारखा होता: स्पष्ट, सौम्य आणि कशातच रस नसलेला. तो कुशलकडे बघून सहानुभूतीने हसला. कुशलला ती सहानुभूती फार झोंबली.

कुशल राहायचा सख्ख्या काकांकडे. शशिकलाकाकूंनी त्याच संध्याकाळी बाळगुटीची पिशवी शोधून काढली. ती त्यांच्या धाकट्या मुलीच्या वेळची होती. ती मुलगी आता नववीत होती.

"वेखंड," काकू म्हणाल्या. "बाळाची वाचा सुटते याने. मधात उगाळून चाटायचं."

'किती?' कुशलने मोबाइलवर टाइप करून दाखवलं.

"बाळ जितक्या महिन्यांचं तितके वेढे. आमच्याकडे असंच देतात."

'काकू, मी सत्तावीस वर्षांचा आहे.'

काकूंनी मनातल्या मनात बाराने गुणलं आणि सहाण पुढ्यात ओढली.

काका मध्ये पडले म्हणून तो वाचला. तरी काकूंनी वेखंडाचं कांडं त्याच्या डब्याच्या पिशवीत टाकलंच, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते हुआंगबाईंनी बघितलं.

हुआंगबाई चीनमधल्या हूनानच्या, स्टेडियमच्या दिव्यांचं काम त्यांच्याकडे. त्यांचा थर्मास रिकामा झालेला कुणी पाहिला नव्हता. त्यांनी कांडं उचलून हुंगलं आणि गावाकडचं माणूस भेटावं तशा हसल्या.

"चांगपू," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही आहे. दलदलीत उगवतं. पण हे घशाला नाही, डोकं उघडायला. विसराळू, गोंधळलेला माणूस असेल तर. आणि जास्त घेतलं तर विष." त्यांनी कुशलला नीट न्याहाळलं. "तुला लागेल तेही, पण नंतर. आधी उष्णता काढू. तुझा घसा वाळलाय. त्याला लूगन."

लूगनचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. बोरू! पूर्वी ज्याच्या लेखण्या करत तोच, पाणथळीत माणसाहून उंच वाढणारा बोरू, आणि त्याचं चिखलातलं पांढरं मूळ. वाळलेलं हुआंगबाईंच्या घरी होतं. पण ताजं ते ताजं, असं त्या म्हणाल्या. पाण्याखाली वाढलेलं हवं, रसदार हवं, आणि प्रवाहाकडे तोंड करून वाढलेलं हवं. वर उघडं पडलेलं उपयोगाचं नाही, असं त्यांचे जुने वैद्य सांगत.

कुशलचे डोळे चमकले. दोह्यात बोरू कुठे आहे हे त्याला माहीत होतं. शहराबाहेरच्या एका तळ्यावर तो पक्ष्यांचे फोटो काढायला गेला होता.

डबा न खाताच तो निघाला. तळ्याकाठी त्याने बूट काढले, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चहाचा कागदी कप पाण्यात सोडून प्रवाह कुठून येतो ते ठरवलं. मग त्या दिशेला तोंड करून वाढलेलं मूळ शोधत तो चिखलात हात घालत राहिला. एक बगळा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा होता. नंतर त्यालाही ते बघवेना. शेवटी बोटाएवढं जाड, पांढरंशुभ्र मूळ हाती लागलं. आनंदाने कुशल ओरडला, म्हणजे तोंड उघडलं. सेफ्टी हेल्मेटात मुळं भरून, एसी फुल करून तो साइटवर परतला.

हुआंगबाईंनी मूळ हातात घेतलं. मोडून पाहिलं. रस आला. त्यांचा चेहरा उजळला.

"कुठलं?"

'वाहत्या पाण्यातलं,' कुशलने टाइप केलं. 'तोंड प्रवाहाकडेच होतं. मी कप सोडून बघितलं.'

"आणि प्रवाह कुठून येतो?"

कुशलने नकाशा उघडला. तळ्यापासून एक पाट मागे जात होता. तो बोटाने पाटावरून सरकत गेला. पाटाच्या टोकाला काही चौकोनी टाक्या होत्या आणि टाक्यांवर नाव लिहिलेलं होतं. थोडक्यात, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे प्रवाहाकडे तोंड करून वाढलेल्या त्या मुळाचं तोंड अख्ख्या दोह्याच्या संडासांकडे होतं.

'पाणी शुद्ध करून सोडतात,' कुशलने लिहिलं.

"झाडांसाठी," हुआंगबाई म्हणाल्या. "तू झाड आहेस?"

खलास. मुळं कचऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी हुआंगबाईंनी घरचं वाळकं मूळ नाशपातीच्या फोडींबरोबर उकळून थर्मासमधून आणलं आणि कुशलला हुकूम दिला: एक शब्द नाही. कुजबुजही नाही. तो गुरुवारपर्यंत गप्प राहिला. गप्प बसून ऐकणारा माणूस हुआंगबाईंना दोह्यात पहिल्यांदाच मिळाला होता. जेवणाच्या सुट्टीत, लिफ्टमध्ये, शिडीवर, त्या बोलत राहिल्या आणि कुशल पीत राहिला.

गुरुवारी सकाळी आंघोळ करताना त्याने भीतभीत "अ" म्हणून पाहिलं. अ आला. बारीक होता, पण त्याचाच होता. बाहेरून काकू म्हणाल्या, "बघ, वेखंड नुसतं पिशवीत ठेवलं तरी गुण येतो."

स्टेडियममध्ये ठिकठिकाणी माणसं वॉकीटॉकी घेऊन बसली होती. शब्द कळतात का, ते त्यांनी सांगायचं. परदेशी कन्सल्टंटने हेडफोन चढवले. "सलग दहा मिनिटं बोल. काहीही चालेल, पण अर्थ असलेलं."

कुशलने माइक हातात घेतला. "वेलकम टू अल थुमामा," तो म्हणाला, आणि तो आवाज सगळ्या बाजूंनी फिरून त्याच्याकडे परत आला, मोठा, गोल, एखाद्या मंत्र्याचा असावा तसा. त्या भरात पाठ केलेलं सगळं भाषण एका दमात संपलं. नसरुद्दीनभाईंनी हाताने खूण केली: चालू ठेव. अरुणकुमार दोन पावलं पुढे आला.

कुशलचं डोकं कोरं होतं. तोंड मात्र उघडलं, आणि इतके दिवस कानात साठलेलं सगळं इंग्रजीतून बाहेर पडलं.

"लेडीज अँड जंटलमन, बोरूचं मूळ. चिनी वैद्य सांगतात, हे थंड आणि गोड. तापात तहान भागत नसेल तर हे. छाती गरम होऊन पिवळा कफ पडत असेल तर हे. उष्णतेने उलट्या होत असतील तर हे. जुन्या काळी खेकडा किंवा मासा बाधला तरी हेच देत. पण ज्याचं पोट मुळातच थंड आहे, त्याने याच्या वाटेला जाऊ नये."

"वरचा मजला, उत्तर," वॉकीटॉकी खरखरली. "खेकडा क्लिअर."

"पूर्व बाजू. उलट्या क्लिअर. भाई, सूखी खांसी में चलेगा?"

कन्सल्टंटने एक हेडफोन कानावरून सरकवला. साउंड टेस्टला कुणी उलट प्रश्न विचारल्याचं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. त्याने कुशलला अंगठा दाखवला.

"प्रमाण सांगितलं नाहीस," दिव्यांच्या खांबावरून हुआंगबाई वॉकीटॉकीवर म्हणाल्या. "वाळकं एक मूठ. ताजं असेल तर दोन. सांग त्यांना."

अरुणकुमार जिथे होता तिथेच एका खुर्चीत बसला आणि त्याने खिशातून पेन काढलं.

"सुधारणा," कुशल गरजला, आणि चाळीस हजार खुर्च्यांना प्रमाण सांगायला लागला.