मोतीबाईच्या मागे बसणारी

आमच्या कळंबात लग्न ठरलं की भटजींच्या आधी शेजारच्या मोतीबाईला सांगावा जायचा. मोतीबाई धवलारीण, म्हणजे धवले, लग्नाची पारंपरिक गाणी, गाणारी बाई. तिनं धवले गायल्याशिवाय नवरा-नवरीला हळद लागायची नाही, असा आम्हा आगऱ्यांचा रिवाज. तिची सून भाविका मागे बसून साथ द्यायची. खरं सांगायचं तर गेली काही वर्षं सासू नुसती सुरुवात करायची आणि बाकीचं सून ओढून न्यायची. पण लोकांना पुढे बसलेलंच माणूस दिसतं.

गळ्याचं ऑपरेशन झालं आणि मोतीबाईचा आवाज बसला तो बसलाच. आता भाविकानं पुढे बसावं, एवढाच तिचा ध्यास. भाविका ‘बघू’ म्हणायची आणि भांडी घासायला पळायची.

मोतीबाईची लेक जागृती तेव्हा कर्जतला कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. चार लोकांत वावरताना माणसाला किती धास्ती वाटते, तो ते कसं निभावून नेतो, हे मोजायचे प्रश्न तिला अभ्यासाला होते. हातात मोजपट्टी आली की माणूस दिसेल ते मोजतो. तिनं वहिनीलाच समोर बसवलं.

“परक्या लोकांत जायचं टाळतेस का?”

“नाय गं. सगल्या लग्नांना जाते की.”

“लोकांसमोर आवाज काढताना छाती धडधडते?”

“नाय.”

एकही उत्तर खोटं नव्हतं. प्रत्येक वेळी पुढे सासूची पाठ होती, हे जागृतीनं विचारलं नाही आणि भाविकालाही ते वेगळं सांगण्यासारखं वाटलं नाही. आमच्याकडं लग्नाला बाई एकटी जातेच कुठं?

“आय, वैनीला भीतीच नाय,” जागृती बेरीज करून म्हणाली. “उगाच लाजते ती.”

मोतीबाई हरखली. गावातल्या विपुलच्या हळदीला तिनं डोकेदुखीचं निमित्त काढलं. “मी आले तर सगली माझ्याच तोंडाकडं बघतील. तू जा.” भाविका दारात जरा घुटमळली, मग गेली.

मांडवात तिला पुढे पाटावर बसवलं. बायका गप्प झाल्या, मोबाईल वर झाले. भाविकाच्या तोंडून शब्द फुटेना. जे धवले गुणगुणत तिनं भात लावला, पोरं निजवली, त्यातला एक आठवेना. मागे कोणीतरी फिसकन हसलं. शेवटी विपुलच्या मामानं स्पीकरवर रेकॉर्ड केलेले धवले लावायला सांगितले, आणि भाविका हळद आटपेपर्यंत त्याच पाटावर हसरं तोंड करून बसून राहिली. उठून जाता येतं, हेसुद्धा तिला सुचलं नसावं. मला ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

त्यानंतर तिनं गाणंच सोडलं, घरातसुद्धा. जागृती रडून रडून माफी मागायची. मोतीबाई रडली नाही. सुनेला पुन्हा लोकांच्या तोंडी द्यायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. गावातला सुनील आपल्या लेकीच्या, प्राचीच्या हळदीसाठी आमंत्रणाचा नारळ घेऊन आला. “सुनेला पाठवा, मोतीबाई. होतं असं एखाद्या वेळी.”

“नाय रं जमणार,” मोतीबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. “आमच्या घरात आता कोणी गात नाय.”

सुनील चहा पिऊन नारळ परत घेऊन गेला. भाविका कपबश्या उचलायला बाहेर आली.

“तुमी संगं बसल्या असत्या, तर मी गायले असते,” ती म्हणाली.

मोतीबाईनं लगोलग जागृतीला सांगून सुनीलला फोन लावला. सुनीलनं वाटेतच स्पीकरवाल्याला सुपारी देऊन टाकली होती.

“चुकलं गं माझं,” मोतीबाई म्हणाली. “तुला भीती वाटते म्हणून नाय म्हटलं.”

“वाटते ना, आय. लय वाटते,” भाविका म्हणाली. “पण मला गायचं होतं. मला इचारायचं तरी.”