आदेल्मोचा पाय आणि बोरूची चटई

मी आदेल्मोची सायकल. सध्या माळ्यावर आहे, भिंतीला टेकून बोलतेय. स्टँड मला कधी नव्हताच, त्यामुळे जन्मभर कशाला ना कशाला टेकूनच उभी राहिले. त्याची मला लाज वाटत नाही. तुम्हीही बहुतेक तेच करता.

मिलानजवळच्या एका लहानशा कारखान्यात मी झाले. माझ्या नळ्या सांधणाऱ्याला त्या दिवशी सर्दी होती. तो शिंकायचा आणि सांधायचा, तरी सांधे सरळ आले. रंग निळा दिला. मला शर्यतीसाठी घडवलं होतं म्हणे. शर्यत मी एकच धावले. तीत आदेल्मो शेवटून दुसरा आला, आणि जो शेवटचा आला तो वाटेत कुणाच्या तरी लग्नाला थांबला होता. तेव्हा आदेल्मोने शर्यतीचा नाद सोडला आणि परदेशी पाहुण्यांना टस्कनीच्या डोंगरांतून सायकलवर फिरवायचा धंदा धरला.

धंदा बरा होता. सकाळी द्राक्षमळे, मग एखादं बुरुजांचं गाव, मग कुणाच्या तरी तळघरात वाइनचा पेला, मग पुन्हा चढ. चढावर सगळ्या देशांची माणसं देवाचं नाव घेतात आणि उतारावर त्याला विसरतात. तिसऱ्या तळघरानंतर त्यांना चढ कुठला नि उतार कुठला तेच कळत नाही. आदेल्मो पुढे, मी त्याच्याखाली, आणि मागे दहा-बारा घामेजलेली तोंडं. मला तक्रार नव्हती.

आता रोक्कामोराचं सांगते. आमचं गाव पोज्जारिनो, आणि दरीपलीकडच्या डोंगरावर रोक्कामोरा. चारशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी आमच्या चर्चची घंटा पळवली. ती अजून तिकडेच वाजते. दुपारी ती वाजली की आमचं सगळं गाव तिच्याच आवाजावर जेवायला बसतं आणि जेवताना त्या चोरांना शिव्या घालतं.

अशा गावात आदेल्मोची थोरली बहीण इसोलीना हिने लग्न केलं. तेवढ्यावर त्याने दात-ओठ खाल्ले असते आणि गप्प बसला असता. पण त्यांच्या आईने पाठवणीच्या वेळी तिला घरचं अर्धं विरजण काढून दिलं.

हे विरजण दह्याचं नव्हे. आमच्याकडे द्राक्षं बोरूच्या चटयांवर वाळवतात, पिळतात आणि तो रस लहान पिंपांत भरून वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवतात. त्याची जी वाइन होते ती सणावाराला आणि मोठ्या पाहुण्याला. पिंपाच्या तळाशी दाट, काळपट साका उरतो. त्याच्यावरच पुढचा रस ओततात. हा साका घराघरातला वेगळा, आणि त्याला म्हणतात ‘आई’. घरं विकतात, शेतं विकतात, पण हा साका कोणी परक्या गावाला देत नाही.

आदेल्मोच्या आईने दिला. वर त्याच्यासोबत घरच्या चार बोरूच्या चटयाही दिल्या. आदेल्मो भर पंक्तीत उठला आणि म्हणाला, “माझा पाय रोक्कामोराच्या दगडाला लागणार नाही. ऐकलंत सगळ्यांनी?” सगळ्यांनी ऐकलं आणि पुढचं वाढून घेतलं.

शपथ त्याने पाळली. पाहुण्यांची वाट रोक्कामोराच्या चौकातूनच जायची, तेव्हा तो माझ्यावर बसूनच पार व्हायचा. पाहुणे विचारायचे, “हे जुनं चर्च बघायचं का?” तो म्हणायचा, “आत काही नाही. ओल आहे.” आत सुंदर चित्रं आहेत, असं त्यातल्या काहींनी नंतर सांगितलं. इसोलीना दारात बसलेली असायची. तो तिच्याकडे बघायचा नाही, पण तिच्या दारापाशी नेमकं पेडल मारायचं थांबवायचा. हे मला कळायचं, कारण चाकं फिरवायचं काम माझं.

आदेल्मोची आई वारल्यावर एक दिवस एक पाहुणी आमचा माळा बघायला आली आणि पिंपांवरची जळमटं बघून तिने नाकाला रुमाल लावला. आदेल्मोला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने पाणी उकळलं, त्यात सोडा टाकला आणि सगळी पिंपं आतून-बाहेरून लख्ख घासली. साका मोरीतून गेला. घासताना तो शीळ घालत होता.

पुढची वाइन उघडली तर निव्वळ व्हिनेगर. गावात इतर घरी साका होता, पण मागायला जायचं म्हणजे आपण काय केलं ते सांगायचं. त्यापेक्षा त्याने दुकानातल्या बाटल्या आणून जुन्या सुरईत ओतायला सुरुवात केली. पाहुण्यांना सांगायचा, “आमच्या आजोबांच्या वेळची.” त्यावर ते डोळे मिटून मान डोलवायचे. मात्र पाहुणे सोबत नसले की चढावर माझ्याशी बोलायचा. “गाढव आहे मी,” म्हणायचा. माझी चेन करकरायची.

मग विलेमाइन आली. हॉलंडची शाळामास्तरीण, उंच, आणि मनात येईल ते बोलणारी. रोक्कामोराच्या चौकात तिचं चाक पंक्चर झालं आणि आदेल्मो नेहमीप्रमाणे न थांबता पुढे निघून गेला. ती दोन तासांनी आली. रात्रीच्या जेवणाला आदेल्मोने सुरई फिरवली. तिने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“त्या गावात एका बाईंनी मला अशीच वाइन दिली,” ती म्हणाली. “अशीच म्हणजे, अशी नाही. ती प्यायले आणि मला माझी आजी आठवली. ही गोड आहे.”

आदेल्मो म्हणाला, “हं.”

“त्या बाई सुगी झाली की बोलोन्याला मुलाकडे जाणार आहेत. घर बंद. पिंपं फोडून चुलीत घालणार म्हणाल्या. कोणाला हवीत?”

“घालू दे,” आदेल्मो म्हणाला, आणि त्याने पाव मोडला तो खाल्लाच नाही.

सकाळी पाहुण्यांना त्याने सुट्टी दिली. मला तेल घातलं, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आम्ही दोघंच निघालो. तो चढ मी शेकडो वेळा चढलेय, पण त्या दिवशीसारखी जड मी कधी नव्हते. चौकात इसोलीना दारात शेंगा सोलत बसली होती. आदेल्मो तिच्यासमोर आला, पण उतरणार कसा? शपथ होती. तो कारंज्याला वळसा घालून पुन्हा आला.

“ताई!” तो म्हणाला आणि पुढे गेला.

वळसा घालून आला तेव्हा ती म्हणाली, “आठवण झाली वाटतं.”

पुढच्या फेरीला तो म्हणाला, “पिंपं जाळू नकोस.”

“तुला काय करायचंय? तुझी आहेत की चांगली.”

तो आणखी एक फेरी मारायला गेला. बारसमोरच्या बाकावरचे म्हातारे सरसावून बसले. “पडणार हा,” एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, “छे! पोज्जारिनोचा आहे. अक्कल नाही, पण तोल आहे.”

“मी धुतली,” आदेल्मो म्हणाला.

“काय?”

त्याला पुन्हा पूर्ण वळसा घालावा लागला. “पिंपं! सोडा घालून. सगळी!”

इसोलीनाच्या हातातली शेंग खाली पडली. “तू आई धुतलीस, आदेल्मो?”

तो कारंज्यामागे गेला. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता, तेही एका हाताने, कारण दुसरा हँडलवर. माझं पुढचं चाक कधीही घसरलं असतं. इसोलीना उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. दार लावणार आता.

ती बोरूची चटई घेऊन बाहेर आली आणि तिने ती कारंज्याशेजारी दगडावर अंथरली.

“ही माहेरची आहे,” ती म्हणाली. “हिच्यावर ठेव पाय. माकडा, उतर आता, मेलास तर मला बोलोन्याची गाडी चुकेल.”

आदेल्मो चटईवर उतरला. मला कारंज्याला टेकवलं. मग तिने दुसरी चटई पुढे टाकली, मागची उचलून पुन्हा पुढे, असं करत त्याला घरात आणि माळ्यावर नेलं. बाकावरचे म्हातारे शेवटी तिला चटया उचलायला मदत करायला लागले. जन्मात त्यांनी पोज्जारिनोच्या माणसासाठी काही केलं असेल तर तेवढंच.

बऱ्याच वेळाने दोघं खाली आले. आदेल्मोच्या हातात काचेची बरणी होती, आत तो काळपट साका. तो दाराशी शेवटच्या चटईवर येऊन थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला.

“सायकलवर नेलीस तर या दगडांवर घुसळून निघेल,” इसोलीना म्हणाली. “दोन्ही हातांनी धरून चालत न्यावी लागेल. आणि दरीपर्यंत चटया टाकायला माझी कंबर चालत नाही.”

आदेल्मोने बरणीकडे पाहिलं. मग चटईवरून पाय उचलला आणि दगडावर ठेवला. मग दुसरा. तो खाली बघतच नव्हता, त्याचं सगळं लक्ष बरणीत होतं. तेवढ्यात डोक्यावर आमची घंटा वाजली.

मला कोण आणणार? इसोलीनाने धरलं. तिला सायकल ढकलायची सवय नव्हती, माझं पेडल तिच्या नडगीवर आपटत होतं आणि ती दर वेळी भावाला शिव्या देत होती. वेशीपर्यंत सोडते म्हणाली होती. दरीपर्यंत आली. मग पलीकडचा चढही चढली. इतक्या वर्षांनी ती माहेरच्या अंगणात आली तेव्हा विलेमाइन तिथे कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, “अरे वा, आलात!”

बोलोन्याचं जाणं इसोलीनाने हिवाळा संपेपर्यंत लांबवलं, कारण आदेल्मो पुन्हा काहीतरी धुईल अशी तिला खात्री होती. द्राक्षं वाळली, तिने मागाहून आणलेल्या चारही चटयांवर. रस निघाला, साक्यावर ओतला, पिंपांची तोंडं बंद झाली. मग ती गेली. दर रविवारी फोनवर विचारते, “माळा झाडला नाहीस ना?”

“नाही गं, ताई.”

आदेल्मोचे गुडघे गेले. पाहुणे आता बॅटरीच्या सायकलींवर येतात आणि चढावर देवाचं नाव घेत नाहीत. मला त्याने इथे पिंपांशेजारी आणून ठेवलं. माझे टायर बसलेत, रंग कुठला होता ते सांगावं लागतं. पिंपं उघडायला अजून काही वर्षं आहेत. तोवर आदेल्मो असेल का, मला माहीत नाही. तो संध्याकाळी जिना चढून येतो, पिंपाला कान लावतो, माझ्या सीटवर हात टेकवून दम खातो. एवढं पुरे आहे मला.

तुम्हाला एकच विनवणी करते. कधी या माळ्यावर आलात, तर मला बघा, हवं तर हात लावा, पण पुसू नका. परवाच एका पाहुणीने माझं हँडल पुसायला रुमाल काढला. आदेल्मोने तिचा हात धरला.

“नको बाई,” तो म्हणाला. “एकदा पुसून बघितलंय मी.”