टेप अडकली आहे

खुशालराव पाटलांनी टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा अख्ख्या अकोटानं त्यांना वेड्यात काढलं. गाणी ऐकायला घरात रेडिओ होताच. मग आपलाच आवाज आपल्यालाच ऐकवणारं हे खोकं कशाला? पण माणूस हौशी. दिवाळीला अकोल्याच्या चिंतामणराव जोश्यांच्या दुकानात त्यांनी ते पाहिलं आणि घेऊनच आले. सोबत वर्षभराच्या गॅरंटीचा छापील कागद होता. तो त्यांनी शेताच्या कागदांबरोबर कपाटात ठेवला.

फजिती झाली ती कौशल्याबाईंची. तेहतीस वर्षांच्या संसारात त्या माउलीनं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. "आमच्या घरचे" म्हणायचं, नाहीतर नुसतं "अहो". लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं रडून घेतलं, आणि तो राहिला तो राहिलाच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं सांगून ठेवलं होतं. पण संक्रांतीला खुशालरावांनी खोकं तिच्यापुढं मांडलं, बटण दाबलं आणि हटूनच बसले. बाई फिरत्या चाकाकडे जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली,

"पऱ्हाटीले आलं बोंड, बोंडात सरकी,
खुशालरावाचं नाव घेते, चाक घेते गिरकी."

मग आपणच हसत सुटली. "बंद करा ना जी, मले लाज वाटून राहिली!" तेही टेपवर आलं.

चैत्रात तिला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. घटायचं ते आयुष्य तिचंच घटलं.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की खुशालराव खोकं उघडून बसत. ऐकत, टेप मागे फिरवत, पुन्हा ऐकत. पाटील कामातून गेले, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. पाटील, मामा, भाऊजी म्हणणारे गावभर होते. त्यांचं नाव अशा लाजऱ्या आवाजात घेणारं दुसरं कोण होतं?

श्रावणात एका दुपारी चाक कुरकुरलं, आवाज जाडाभरडा झाला आणि "खुशा" एवढ्यावर येऊन यंत्र थांबलं. टेप आत रबरी चाकाला गुंडाळून बसली होती.

शेजारच्या गल्लीतला धर्मपाल रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला बोलावलं. त्यानं बॅटरीच्या उजेडात फटीतून नीट पाहिलं.

"पाटील, टेप तुटली नाई. झाकन खोलतो, पाच मिनिटात हातानं सोडवून देतो. पट्टा ढिला झाला, तो मागून बदलू."

पेचकस स्क्रूला टेकला आणि खुशालरावांना नेमका तो कागद आठवला. कंपनीखेरीज कुणी स्क्रू काढून झाकण उघडलं तर गॅरंटी रद्द, असं त्यात साफ लिहिलं होतं. अजून तीन महिने बाकी होते.

"थांब," ते म्हणाले. "गॅरंटी जाईन."

"तुमाले टेप पाह्यजे का गॅरंटी?"

"दोनी पाह्यजे. तू काहून घाई करून राहिला? कंपनीवाले तुयापेक्षा जास्त शिकले आहेत."

धर्मपालनं पेचकस खिशात टाकला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी खुशालराव खोकं मांडीवर घेऊन एस.टी.नं अकोल्याला गेले. चिंतामणराव भला माणूस. "गॅरंटीत आहे, मुंबईला पाठवतो. निर्धास्त राहा," ते म्हणाले.

"आत टेप आहे. खोकं गेलं तरी चालन, पन टेप जपून वापस आनजा."

"आणतो की!"

काय आहे टेपवर, हे मात्र खुशालरावांना सांगवेना. बायको आपलं नाव घेते हे परक्या पुरुषाला कसं सांगायचं? चिंतामणरावांनी कंपनीचा फॉर्म काढला. यंत्राचा नंबर, खरेदीची तारीख, तक्रार, एवढेच रकाने. तक्रारीच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : टेप अडकली आहे.

दोन महिने खुशालरावांनी दर आठवड्याला अकोल्याची वारी केली. अखेर माल आल्याचं कार्ड आलं.

"नशीबवान आहात!" चिंतामणरावांनी झाकण उघडून दाखवलं. "कंपनीनं दुरुस्तीची भानगडच केली नाही. नवं कोरं यंत्र पाठवलं."

"टेप?"

चिंतामणरावांनी सोबतचं पत्र वाचलं. जुनं यंत्र मोडीत काढलं होतं. अडकलेली टेप कापून काढली होती. ग्राहकाला तसदी झाली म्हणून नवी कोरी टेप भेट.

"फेकली?"

"त्यांना काय ठाऊक हो? तक्रारच तेवढी होती." चिंतामणरावांचा आवाज पडला. "गाणी होती का? मी पुन्हा भरून देतो."

खुशालराव खुर्चीवर बसले. भांडायचं कुणाशी? कंपनीनं कागदाप्रमाणे सगळं केलं होतं. धर्मपालनं पाच मिनिटं मागितली होती आणि ती त्यांनीच दिली नव्हती. बाई एकदा गेली ती देवानं नेली, दुसऱ्यांदा आपणच तिला पार्सल करून पाठवली.

तक्रार दूर झाल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. चिंतामणरावांनी घाईघाईनं नवी टेप चढवली, बटण दाबलं आणि बोलायचा माइक त्यांच्यापुढं धरला.

"तपासून घ्या. आजपासून पुन्हा वर्षाची गॅरंटी आहे. बोला काहीतरी."

"माया आवाज मले काय करायचा जी?" खुशालराव म्हणाले.