टिकल्यांखालची चीर

माग चालू असले की खात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, कोणाची हाक ऐकू येत नाही. म्हणून खात्याचा कारभार पाहणारा मेहताजी स्वतः आत आला आणि सुपडूचे माग त्याने एकेक करून बंद केले. सुपडूला वाटलं, कापडात डाग निघाला. बोलणी खायच्या तयारीनेच तो बाहेर आला. मेहताजीने खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याला कळलं की हे कापडाचं नाही.

त्याची बायको प्रमिलाबाई रस्त्यातच गेली. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम ती घरी करायची. तयार साड्यांचा गठ्ठा सायकलला बांधून पोचवायला निघाली होती. छातीत कळ आली, ती कडेला पडली, आणि हातातून सुटलेल्या सायकलवर मागची रिक्षा आदळली. लोकांनी दवाखान्यात नेलं तोवर सगळं संपलं होतं.

सायकल घरी आली. हँडलखालच्या नळीला चीर पडली होती. दिवसकार्य झालं, पाहुणे खानदेशात परतले आणि खोलीत सुपडू आणि सायकल एवढेच उरले. भाजीत मीठ जास्त झालं तर जिच्यावर ओरडायचं ती नव्हती. स्वतःच शिजवलेलं तो तसंच खायचा.

लेक नूतन कामरेजला दिलेली. पॅकिंगच्या कामावर पायी जायची. फोनवर म्हणाली, "बाबा, मायनी सायकल माले द्या. पन पक्की करीसन द्या. आठे हायवे शे."

सुपडूने शब्द दिला आणि सायकल सचिन गावातल्या धम्मपालच्या वेल्डिंगच्या टपरीवर नेली.

"ठेवून जा काका, संध्याकाळी न्या."

"ठेवून नाही जाणार."

"अहो, मी काय खातो का सायकल?"

"नाही जाणार."

धम्मपालने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग नुसतं बसून काय करता? शिका. आपल्या हाताने जोडा."

तेव्हापासून रजेच्या दिवशी सुपडू तिथे जाऊ लागला. पहिल्या दिवशी चकचकीत शर्ट घालून गेला.

"हा कशाचा शर्ट?"

"आमच्या खात्यातलंच कापड आहे," सुपडू जरा ताठ होऊन म्हणाला.

"ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटेल. घरी जा. सुती घालून या."

जन्मभर पॉलिस्टर विणणाऱ्याच्या घरात सुती शर्ट एकच सापडला. प्रमिलाबाईने अमळनेरच्या बाजारातून आणलेला. जाड आहे म्हणून त्याने तो कधी घातलाच नव्हता.

काळा चष्मा आणि चामड्याचे हातमोजे चढवून भंगारातल्या नळ्यांवर शिकणं सुरू झालं. पहिल्याच नळीला त्याने भोकं पाडली.

"वा काका, बासरी केली की!"

ज्योत पितळेच्या कांडीवर धरायची नाही, नळीवर फिरवायची. नळी सारखी तापली की पितळ आपणहून सांध्यात शिरतं. हे कळायला पुष्कळ नळ्या वाया गेल्या. तो जोडायचा आणि धम्मपाल ती नळी शिकंज्यात धरून वाकवायचा. सांधा कडकन तुटायचा.

"ही तुटली म्हणजे माणूस पडला."

शेवटी एक नळी अशी निघाली की ती स्वतः वाकली, पण सांधा सुटला नाही. धम्मपालने ती दोनदा उलटसुलट पाहिली. "आता तुमची सायकल घ्या."

आधी चीर कुठवर गेली आहे ते बघायचं होतं. धम्मपालने नळीवर रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. पांढऱ्या पुडीत ओली रेघ उमटली. ती रेघ टिकल्यांपर्यंत गेली आणि खाली शिरली.

त्या टिकल्या प्रमिलाबाईच्या. कामातून उरलेल्या तिने नळीवर ओळीने चिकटवल्या होत्या. "सायकल शे का नवरी?" म्हणून सुपडू हसला होता. "हसा," ती म्हणाली होती, "अंधारामा ट्रकवाल्याले दिसाले नको का?"

"काढाव्या लागतील काका. डिंक, रंग, सगळंच. खालचं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं. डिंक जळला तर धूर वाईट, आणि पितळही धरणार नाही."

"टिकल्यांच्या अलीकडची जोडली तर? दिसते तेवढी?"

धम्मपालने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तेवढी जोडा. पण मग पोरीला देऊ नका. भिंतीला टेकवून ठेवा."

सुपडूने नखाने एक टिकली काढली. सहज निघाली. ती त्याने सुती शर्टाच्या खिशात टाकली. मग तारेचा ब्रश घेतला, नळीवर टेकवला आणि तसाच धरून बसला. धम्मपाल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बऱ्याच वेळाने सुपडूने ब्रश जागेवर ठेवला आणि सायकल हाताने ढकलत घरी आणली.

नूतनचा फोन आला. "झायी का बाबा सायकल?"

"आजून नही. तू पायीच जाय."

सांधा त्याला पक्का जमतो. टिकल्या काढायच्या राहिल्या आहेत.