शंभरातले चौदा तंतू

लोकरीच्या तंतूवर खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे, एकावर एक चढलेले. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. नेडोच्या गोदामातून आलेल्या लोकरीतले शंभर तंतू इलारियाने मोजले, तेव्हा त्यांतले चौदा काचेच्या कांडीसारखे गुळगुळीत निघाले, म्हणजे लोकरीचे नव्हेतच. तिने दुसरा नमुना घेतला, मग तिसरा. चौदा, पंधरा, चौदा.

ही जानेवारीतली गोष्ट. आता मे उजाडला होता.

इटलीतल्या प्रातो शहरातल्या गिरण्या नेडोची गासडी न उघडता आत घेत. पन्नास वर्षं तो जुन्या कपड्यांच्या ढिगातून लोकर वेगळी करत होता, नुसत्या बोटांनी. इलारियाचे वडील त्याच्याकडेच कामाला होते. तिला लोकर ओळखायला त्यानेच शिकवलं. रसायनशास्त्र फार नंतर आलं.

इलारिया कामाला होती त्या गिरणीच्या कोटांवर आता कोड येणार होता. फोनने तो टिपला की धागा कुणाच्या गोदामातला, त्यात काय किती, सगळं गिऱ्हाइकासमोर. माल पुरवणाऱ्यांना त्यासाठी तयार करणं हे तिचं काम. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, ती यादी शुक्रवारी तिच्या सहीने बंद होणार होती. नेडोकडे ती तीनदा जाऊन आली होती. तिन्ही वेळा कोडच्या पट्ट्यांबद्दल बोलली आणि परतली.

मंगळवारी सकाळी ती चौथ्यांदा गेली.

"इओले, कॉफी टाक," नेडोने बायकोला हाक मारली. "मास्तरीणबाई आल्या."

"काका, पट्ट्या टिपल्यात का?"

गिरणीने तालमीसाठी तीस पोती कपडे पाठवले होते. प्रत्येक कपड्याच्या गळ्याशी कोडची पट्टी. आधी टिपायची, मग कापायची. नेडोने पायानेच एक बादली पुढे सरकवली. ती कापलेल्या पट्ट्यांनी भरली होती. कुठली कुठल्या कपड्याची, देव जाणे.

"टिपायच्या आधीच कापल्यात?"

"हात थांबतो का गं! कपडा आला की आधी लेबल, मग बटणं, मग अस्तर. माझा बापही असंच करायचा. आणि छापणारा काय, काहीही छापतो. लोकर आहे का ते मला विचार."

"लग्नात स्वतःच्या कोटाचं लेबलही कापून आला होता हा," इओले म्हणाली. "माझ्या आईला वाटलं, कोट चोरीचा आहे."

तिघंही हसली. एवढ्यावर निघता आलं असतं. इलारियाने पिशवीतून हाताएवढं यंत्र काढलं आणि निवडलेल्या ढिगातल्या एका निळ्या स्वेटरवर टेकवलं. पडद्यावर आकडे उमटले: लोकर सत्तर, ॲक्रिलिक तीस.

नेडोने स्वेटर चोळला. पुन्हा चोळला. "खेळणं आहे तुझं ते. अस्सल लोकर आहे ही. थांब, जाळून दाखवतो."

त्याने धागा ओढून काढला आणि काडी लावली. जळक्या केसांचा वास आला, लोकरीचा. नेडोने विजयाने इलारियाकडे पाहिलं. पण धाग्याच्या टोकाला काळा, वितळलेला थेंब लोंबत होता. तो राख आहे असं समजून नेडोने चिमटीत धरला आणि चुरडायला लागला. थेंब चुरडला जाईना. धूर निघत होता, तरी तो बोटं दाबतच राहिला.

"सोड! अरे सोड ते!" इओलेने त्याचा हात हिसकून पाण्यात बुडवला.

बोटांवर पांढरा चट्टा उठला होता. नेडो त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तसा पाहत होता.

"बोटांना कळेनासं होऊन किती दिवस झाले, काका?"

"गेल्या वर्षीच्या द्राक्षांच्या हंगामापासून," उत्तर इओलेने दिलं. "हा दुपारी झोपला की मी ढीग पुन्हा बघते. पण मला कुठलं यातलं कळायला."

"तुला कोणी सांगितलं होतं बघायला?" नेडो तिच्यावर खेकसला. मग इलारियाकडे वळला. त्याचा आवाज उतरला होता. "तू जानेवारीत नमुने नेले होतेस."

"हो."

"म्हणजे तेव्हापासून माहीत आहे. आणि येऊन पट्ट्यांच्या गोष्टी करत होतीस."

कॉफी उतू गेली. उठून कोणीच गेलं नाही.

"काका," इलारिया म्हणाली, "शुक्रवारच्या यादीत तुमचं नाव नसेल. मी ते काढते आहे."